केनवडच्या तारेवरचा एकशे बारावा खांब

पुरलेल्या मृताने आपली जागा दाखवून देणे, हे कथाबीज वऱ्हाडात जुने आहे. मालेगाव आणि रिसोड या दोन तालुक्यांत मला त्याची तीन रूपे मिळाली. शिरपूर जैनकडे सांगतात त्या रूपात एका वावरात दरवर्षी नांगर एकाच ठिकाणी अडतो. तिसऱ्या वर्षी तिथे खणतात तेव्हा भावाने मारलेला भाऊ निघतो. दुसरे रूप सुलतानबी या वृद्ध बाईंनी सांगितले. त्यात जाते फिरेनासे होते आणि जात्याच्या बुडाशी, जमिनीत, घरची थोरली सून असते. तिसरे रूप टेलिफोनच्या तारेचे. ते वयाने सर्वांत लहान आहे, फार तर पाच वर्षांचे.

पहिल्या दोन रूपांत अवजार अडते आणि ते अडणे हेच मृताचे बोलणे असते. तिसऱ्या रूपात माणसे बिघाड शोधण्याची आपली रोजची रीत पाळत जातात आणि त्या रीतीनेच नेमक्या जागी पोहोचतात. आणखी एक भेद आहे. पहिल्या दोन रूपांतला मृत कोणाच्या अंगाला हात लावत नाही.

हे तिसरे रूप मी शेषराव यांच्या तोंडून ऐकले, ते जानेवारी १९७९ मधल्या एका रात्री, मालेगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमागच्या अंगणात. शेषराव तिथलेच निवृत्त ऑपरेटर. ऐकायला नव्याने लागलेले दोन ऑपरेटर होते आणि सायकली दुरुस्त करणारा चांद होता. जेवणे झाली होती. तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ खाली बसला होता.

"हे मी कोनाकडून ऐकेल नाई सांगून राह्यलो," शेषरावांनी सुरुवात केली. "इंद्रभानसंगं झालं. मी बी तिथं होतो. पन फक्त कानानं."

"अमावास्या असन, काका," चांद म्हणाला.

"नोती. गुरुवार होता, एकोणीस डिसेंबर चौऱ्याहत्तर. चांद अकराच्या अंदाजानं बुडाला. तू नाई बे, वरचा."

पोरे हसली. पुढचा भाग मी माझ्या शब्दांत देतो. संवाद मात्र शेषरावांनी सांगितले तसेच ठेवले आहेत.

मालेगावला तेव्हा हाताने जोडायचा बोर्ड होता. प्रत्येक तारेसाठी बोर्डावर एक पितळी झडप असे. पलीकडून कोणी फोनचा दांडा फिरवला की झडप खाली पडे आणि ऑपरेटर दोरी खोचून बोले. केनवडच्या पोस्टात एकच फोन होता. तिथवर रस्त्याच्या कडेने एकशे ब्याण्णव लोखंडी खांब होते आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा होता.

तार मुकी झाली की पहिल्या खांबापासून पाहत निघणारा लाइनमन कच्चा समजला जाई. जाणता लाइनमन सरळ मधला खांब गाठी. लांब बांबूच्या टोकाला बांधलेले हूक तारांना अडकवून तो चाचणीच्या फोनचा दांडा फिरवी. मालेगावची झडप पडली तर अलीकडची तार चांगली, बिघाड पुढे. नाही पडली तर बिघाड मागे. मग उरलेल्या भागाचा मध्य, त्यानंतर त्याचाही मध्य. सात-आठ खांबांत बिघाड दोन खांबांच्या मध्ये येई. झडप पडली की दर वेळी लाइनमनने खांबाचा आकडा सांगायचा, ऑपरेटरने तो उलट म्हणायचा आणि बिघाडाच्या वहीत शाईने लिहायचा, असा नियम होता. लिहिलेला आकडा खोडायची परवानगी कोणालाच नव्हती.

त्या गुरुवारी रात्री आठ चाळीसला केनवडची तार मुकी झाली.

लाइनवरचा मिस्त्री भाऊसिंग स्वतः एक्स्चेंजमध्ये आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वरिष्ठ साहेब केनवडच्या फोनवर बोलून तपासणी करणार होते आणि भाऊसिंगची बढती त्या तपासणीवर होती.

"शेषराव, तार आज रातीच बोलली पायजे," तो म्हणाला. "तू फक्त झोपू नोको."

"मी झोपलो तं तुमाले मंग उठवन कोन, मिस्त्री?"

"ह्या इंद्रभानले आधी उठव. सायकलवर पेंगते हा."

इंद्रभान रोजंदारीवरचा लाइनमन होता. नाव कायम करायचे की नाही, ते भाऊसिंगच्या शिफारशीवर होते. तो हसला नाही. बांबू सायकलच्या दांडीला बांधून तो बाहेर उभा राहिला.

इथे शेषरावांनी मूळ धागा सोडून एक वेगळी गोष्ट सांगितली. सगळ्याच निवेदकांच्या सांगण्यात ती इथेच येते. खांबांचे खड्डे खणणारा ग्यानबा नावाचा मजूर चौदा महिन्यांपूर्वी नाहीसा झाला होता. त्याच दिवसांत जुन्या तारेची तांब्याची वेटोळी गायब झाली. ग्यानबा तांबे विकून सुरतेला पळाला, असे भाऊसिंगने साहेबांना कळवले आणि गावानेही तेच धरले. त्याची बायको वच्छला बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन मालेगावला येई. पाटी खाली ठेवायच्या आधी ती एक्स्चेंजच्या खिडकीशी येई.

"दादा, सुरतेहून काई फोन आला काय?"

"नाई बाई."

"आला तं सांगजा. मी बाजारात बसेल आहो."

चौदा महिने हेच चालले होते. शेवटच्या खेपेला तिने एवढेच जोडले होते, "पोरीची सोयरीक मोडली, दादा. चोराची पोर म्हनते. तो कुठी आहे थे कळलं तं निदान भांडाले जाईन मी."

साडेनऊला भाऊसिंग आणि इंद्रभान सायकलींवर निघाले.

दहा पंचवीसला बोर्डावरची झडप पडली.

"शहाण्णव," इंद्रभानचा आवाज आला.

"शहाण्णव. लिहिलं. पुढं जा."

"मिस्त्री चहा मांगून राह्यले, दादा."

"त्याइले म्हना बोर्डातून ओततो. भांडं धरा."

मागून भाऊसिंगचे हसणे ऐकू आले. त्या रात्रीचे ते शेवटचे.

शहाण्णवच्या पुढचा मध्य एकशे चव्वेचाळीस. तिथे झडप पडते की नाही, त्यावर बिघाडाची बाजू ठरणार होती. ती पडली नाही. म्हणजे बिघाड शहाण्णव ते एकशे चव्वेचाळीसच्या दरम्यान. शेषरावांना तेव्हा एवढेच ठाऊक होते. एकशे चव्वेचाळीसशी काय झाले ते त्यांना इंद्रभानने नंतर सांगितले. त्याने दांडा फिरवला. मालेगावचा आवाज आला नाही. केनवडचे पोस्ट कुलूपबंद होते. तरी फोनमध्ये काहीतरी होते... दूर कुठेतरी पहार जमिनीत घुसत होती. एक घाव. मग दम घेणे. मग दुसरा घाव.

त्याने फोन भाऊसिंगच्या हातात दिला. भाऊसिंगने बराच वेळ ऐकले.

"वारा आहे," तो म्हणाला.

हवा पडलेली होती.

ते मागे वळले. एकशे वीसवर मालेगावची झडप पडली नाही. फोनमधली पहार जवळ आली होती. आता खणणाऱ्याचा श्वासही ऐकू येत होता. एकशे आठवर झडप पडली, आवाज स्वच्छ आला, शेषरावांनी आकडा लिहिला. म्हणजे बिघाड एकशे आठच्या पुढे आणि एकशे वीसच्या मागे. एकशे चौदावर पुन्हा काही नाही. तिथे फोनमधले खणणे थांबलेले होते.

"थांबलं," इंद्रभान म्हणाला.

"काय थांबलं?"

"तुमाले मालूम आहे, मिस्त्री."

भाऊसिंगने त्याच्या थोबाडीत मारली. बांबू रस्त्यात पडला. इंद्रभानने तो उचलला आणि सायकल वळवली.

श्रोत्यांपैकी एकाने इथे विचारले की तार तुटली होती तर टॉर्चच्या उजेडात दिसली कशी नाही. शेषरावांचे उत्तर असे की तार कुठेही तुटलेली नव्हती. तारेला खांबावर धरणाऱ्या चिनीमातीच्या वाट्या साबूत होत्या. दोघांनी दोन खांबांमधला एकेक टप्पा टॉर्चने पाहिला होता.

बारा चाळीसला एकशे अकरावर झडप पडली. बारा पंचावन्नला एकशे तेरावर पडली नाही. हिशोब संपला. मध्ये एकच खांब उरला. या मागेपुढे करण्यात तो खांब त्यांनी सहा वेळा ओलांडला होता आणि साही वेळा भाऊसिंगने तिथे पायडल जोरात मारले होते, हे इंद्रभानने पोलिसांनाही सांगितले.

एक वाजता दोघे एकशे अकरावर परतले. झडप पडली.

"दादा, एकशे बारा."

"एकशे बारा," शेषराव म्हणाले. "लिहिलं."

पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज आला.

"शेषराव," भाऊसिंग म्हणाला. "लिहू नोको."

"लिहिलं मिस्त्री. शाईनं लिहिलं."

"खोड."

"खोडता येत नाई. तुमीच सांगेल आहे मले."

...

"सकाळी साहेब वही पाह्यते," शेषरावांनी जोडले. "एकशे बारा दिसलं तं दुसरी टोळी लावन. खांब उपटून पाह्यतीन."

 फोन पुन्हा इंद्रभानच्या हातात आला. पावले दूर गेली.

"दादा, मिस्त्री एकटाच गेला. मी नाई जात म्हनलं. नोकरी गेली तं गेली."

"अबे पन काहून? काय आहे तिथं?"

"ग्यानबा आहे."

शेषराव सांगताना इथे थांबले. त्यांनी जाळात एक तुऱ्हाटी घातली. 

इंद्रभानने तारेवरून सांगितले ते थोडे होते. त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात ट्रकने एकशे बारावा खांब वाकवला. नवा खांब उभा करायला ग्यानबाने दिवसभर खड्डा खणला, छातीइतका. संध्याकाळी भाऊसिंग तांब्याची वेटोळी एका गाडीत चढवताना त्याने पाहिले आणि साहेबांना सांगतो म्हणाला. भाऊसिंगने त्याच्याच हातातली पहार घेतली. पहिला घाव गुडघ्यावर बसला, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर. तो खाली बसला तेव्हा बरगड्यांवर तीन. सहावा जबड्यावर, कारण तो बायकोचे नाव घेत होता. सातवा डोक्यात. मग पायाने ढकलला. तो स्वतः खणलेल्या खड्ड्यात पडला. वर खांब उभा केला. माती लोटायला इंद्रभान होता.

"तो हालून राह्यला होता, दादा. मी माती लोटली..."

"आता मिस्त्री कुठी आहे?"

"खांबापाशी. टॉर्च दिसते. खांबाले हात लावला त्यानं."

मग शेषरावांच्या कानात आवाज आला.

लोखंड हाडावर पडल्याचा. ओला. एक.

"इंद्रभान, काय झालं?"

"कुठी काय? काईच नाई. टॉर्च आहे तिथंच."

दोन.

"अबे मारून राह्यलं कोनी त्याले!"

"इथं आवाज नाई, दादा. रातकिडे बी नाई."

तारेत भाऊसिंगचा आवाज होता. फोन तोंडाशी धरल्यासारखा जवळ.

"ग्यानबा... नोको... पोराची आन..."

तीन. चार. पाच. बरगड्या मोडताना वेगळा आवाज येतो, असे शेषराव म्हणाले. सुकी काटकी ओल्या फडक्यात गुंडाळून मोडावी तसा.

"सोड... शेषराव... शेषराव, लाइन काप..."

दोरी उपटली की लाइन कापली जाते. शेषरावांचा हात दोरीवर होता. तो हलला नाही. भीतीने की कशाने, ते त्यांनी सांगितले नाही. 

सहा.

त्यानंतर शब्द नव्हते. तोंडातून हवा जात होती, पण शब्द होत नव्हते.

सात.

...

"दादा," इंद्रभान म्हणाला. "टॉर्च खाली पडली."

...

"दादा?"

एक पन्नासला बोर्डावर केनवडची झडप पडली. बिघाड गेला होता. शेषरावांची दोरी अजून खोचलेलीच होती. इंद्रभानने दांडा फिरवला नव्हता. पलीकडे कुलूपबंद पोस्टातला फोन उचललेला होता. कोणी बोलले नाही. कोणीतरी दम घेत होते, कष्टाचे काम आटोपल्यावर माणूस घेतो तसा.

मग फोन ठेवला गेला.

इंद्रभान एकशे अकराव्या खांबाशी फोन धरून पहाटेपर्यंत बसला. दर थोड्या वेळाने तो विचारी, "आहा ना, दादा?" आणि शेषराव म्हणत, "आहो." 

सकाळी आठला साहेबांनी केनवडशी बोलून तार उत्तम असल्याचा शेरा दिला. तोवर पोलीस खांबापाशी पोहोचले होते. भाऊसिंग खांबाला पाठ लावून बसल्यासारखा होता. दोन्ही गुडघे उलटे वळलेले. डाव्या बाजूच्या तीन बरगड्या आत गेलेल्या. जबडा छातीवर उतरलेला. टाळू फुटलेली, आणि तिच्या मागे कवटीवरची कातडी केसांसकट मूठभर उपटून नेलेली. आजूबाजूच्या मऊ धुळीत फक्त त्याच्याच बुटांचे ठसे होते. पहार मालेगावच्या कोठारात होती, कुलपात.

"चढताना पडला असन," हवालदार म्हणाला.

"पडून दोन्ही गुडघे मोडते काय, साहेब?" इंद्रभानने विचारले. मग त्याने सगळे सांगितले आणि त्याला जीपमध्ये बसवले.

वच्छलेला आणायला शेषराव स्वतः गेले. वाटेत तिने एकदाच विचारले.

"सुरतेहून फोन आला काय, दादा?"

"फोन आला, बाई. सुरतेहून नाई."



दुपारी खांब उपटला. माती चौदा महिन्यांची होती, विटेसारखी बसलेली. कुदळीला ठिणगी येत होती. माती कुठेही हललेली नव्हती, हे पंचांनी आधी पाहून लिहून घेतले. छातीइतक्या खोलीवर ग्यानबा निघाला. हाडे आणि धडोत्याच्या चिंध्या उरल्या होत्या. कमरेच्या करदोट्यात दोन काळे मणी होते. वच्छलेने ते ओळखले. तिनेच ओवले होते. तिने पदर तोंडावर धरला आणि पोरीला जवळ ओढले.

"चोर नोता," ती पंचांना म्हणाली. "लिहा."

पंचांनी लिहिले.

उजवा हात छातीवर होता आणि मूठ मिटलेली होती. हवालदाराने बोटांची हाडे एकेक करून सोडवली. आत मूठभर केस होते, मुळासकट, कातडीला चिकटलेले. कातडीवरचे रक्त अजून सुकले नव्हते.